उन्हाळ्यात पूल लांबतो, पावसात बांध सरकतो : इंटरनेटचाच काचेचा धागा हे कसं मोजतो?

नागपुरात वर्धा रोडच्या उड्डाणपुलावरून दुचाकीनं गेला असाल, तर ठरावीक अंतरावर बसणारा तो 'धाड-धाड' हादरा तुमच्या ओळखीचा असेल. बरेच जण त्याचं खापर कंत्राटदारावर फोडतात. कधी कधी ते रास्तही असतं. पण रस्त्यातली ती फट चुकून राहिलेली नसते, मुद्दाम ठेवलेली असते. तिला एक्स्पान्शन जॉइंट म्हणतात. ती नसती तर पुलानं मे महिन्यातच स्वतःला फाडून घेतलं असतं.

थोडा हिशेब करून बघू. काँक्रीटचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंशानं तापला की साधारण १० मायक्रोमीटर लांबतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऐकायला हे काहीच नाही. पण नागपूरचं तापमान मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातं आणि हिवाळ्यात पहाटे १० च्या खाली उतरतं. म्हणजे वर्षभरात ३५ अंशांचा फरक सहज पडतो. ३० मीटरचा एक गर्डर घेतला तर तो या फरकानं सुमारे एक सेंटिमीटर लांबतो-आखडतो. वर्धा रोडचा डबल डेकर पूल, म्हणजे खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, हा ३.१४ किलोमीटर लांब आहे. गिनीज बुकात त्याची नोंद झाली ती याच लांबीसाठी. समजा हा पूल एकसंध असता, तर हिवाळा ते उन्हाळा तो एक मीटरहून जास्त लांबला असता!

पोलाद तर याहून चपळ. मीटरमागे, अंशामागे १२ मायक्रोमीटर. शिवाय उन्हात तापलेलं लोखंड हवेपेक्षा किती तरी गरम असतं, हे मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या टाकीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणजे पूल हलतो, आणि रोज हलतो. हललाच नाही तर उलट काळजी करायला हवी, कारण मग कुठं तरी बेअरिंग जाम झालेलं असतं. खरा प्रश्न वेगळा आहे. पूल जितका हलायला हवा तितकाच हलतोय का? की त्यात काही जास्तीचं मिसळलंय? खांब खचणं, गर्डर वाकणं, तडा उघडणं, या गोष्टी सुरुवातीला मिलिमीटरच्या अंशात असतात. आणि उन्हाची हालचाल असते सेंटिमीटरमध्ये. गर्दीच्या बाजारात कुणाची तरी कुजबूज ऐकायची, असं हे काम आहे.

हे काम ज्या साधनांनी होतं त्यातलं एक साधन तुमच्या घरातही आलेलं आहे. वायफायच्या राउटरला जोडलेली ती पिवळी किंवा काळी बारीक वायर. ऑप्टिकल फायबर.

आधी हे समजून घेऊ की फायबरमध्ये उजेड टिकतो कसा

पोहायला गेल्यावर पाण्याखालून तिरकं वर बघितलं, तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. उजेड दाट पदार्थातून विरळ पदार्थात जाताना फार तिरका असेल, तर बाहेर पडतच नाही, आतच परत फिरतो. फायबरमध्ये हेच घडतं. मधे एका प्रकारची काच, तिच्याभोवती थोड्या वेगळ्या काचेचं वेष्टण. उजेड मधल्या काचेत शिरला की वेष्टणाला धडकून आतच राहतो आणि पुढे सरकत जातो. दूरसंचारातल्या फायबरची जाडी वेष्टणासकट १२५ मायक्रोमीटर असते, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जवळपास दुप्पट. आणि उजेड प्रत्यक्षात धावतो तो मधला गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा.

या विषयाला 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी पंजाबातल्या मोगा इथले. १९५४ साली त्यांनी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवून दाखवलं. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर याच धाग्यातून दूरवर संदेश पाठवता येतील. २००९ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

आता गंमत बघा. इंटरनेटवाल्यांच्या दृष्टीनं चांगला फायबर म्हणजे ज्यात उजेडाला काहीही त्रास होत नाही असा. वायर बसवायला आलेला माणूस 'साहेब, जास्त वाकवू नका' असं बजावून जातो, कारण वाकवली की उजेड गळतो. ओढली, दाबली, तापली की उजेडात बदल होतो. एकाला जी कटकट वाटते तीच मोजमाप करणाऱ्याच्या कामाची! उजेडात किती बदल झाला हे मोजलं, की धागा किती ओढला गेला, किती वाकला हे कळतं. फायबरनं सरकणं मोजायच्या सगळ्या पद्धतींचं मूळ इथं आहे. अशा सरकण्याला शाळेच्या पुस्तकात विस्थापन म्हणतात आणि साइटवरचे इंजिनिअर डिस्प्लेसमेंट.

सगळ्यात सोपी पद्धत : दोन धागे आणि एक चकचकीत पत्रा

दोन फायबर शेजारी शेजारी चिकटवा. एकातून उजेड बाहेर सोडा. समोर चकचकीत पत्रा धरा. पत्र्यावर आपटून परत आलेला उजेड दुसऱ्या फायबरमध्ये शिरेल. तो किती आला हे मोजा.

पत्रा टोकांना अगदी टेकलेला असेल तर दुसऱ्या धाग्यात उजेड जवळजवळ येतच नाही, कारण पसरायला जागाच नसते. पत्रा थोडा मागे घेतला की उजेडाचा शंकू पसरतो आणि शेजारच्या धाग्यात झपाट्यानं वाढत जातो. एका अंतरावर तो सगळ्यात जास्त असतो. त्यानंतर पत्रा आणखी मागे नेला की उजेड विरळ होत हळूहळू कमी होतो. यातला सुरुवातीचा चढ फार उभा असतो. तिथे पत्रा मायक्रोमीटरभर हलला तरी उजेडात फरक दिसतो. हात न लावता, अगदी छोट्या जागेत, फिरणाऱ्या दांड्याची थरथर मोजायला ही पद्धत उत्तम.

घरीही बघता येईल. जत्रेत मिळतो तो प्लॅस्टिकच्या धाग्यांचा शोभेचा दिवा आठवतोय? जुना पडला असेल तर त्यातल्या धाग्यांच्या दोन जुड्या करा आणि त्यांची एकेक टोकं शेजारी शेजारी चिकटवा. एका जुडीच्या मागच्या टोकाला मोबाइलचा टॉर्च लावा, दुसरीचं मागचं टोक अंधाऱ्या खोलीत नुसतं डोळ्यांनी बघा. चिकटवलेल्या टोकांसमोर स्टीलची ताटली पुढे-मागे करा. उजेड वाढताना-कमी होताना दिसेल. मात्र राउटरच्या वायरचं टोक काढून त्यात डोकावू नका. तिथला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यापर्यंत पोचतो.

या सोप्या पद्धतीत एक खोट आहे. उजेड कमी झाला म्हणजे पत्रा सरकला, असं आपण धरतो. पण दिवाच मंद झाला असेल तर? पत्र्यावर धूळ बसली असेल तर? प्रयोगशाळेत हे सांभाळता येतं. पुलाखाली, दहा वर्षं, कबुतरं आणि धुरळा यांच्यात ते सांभाळणं अवघड.

मग पुलावर काय वापरतात?

तिथं उजेड किती आला हे न बघता त्याचा रंग बघतात.

चड्डीच्या इलॅस्टिकवर पेननं सारख्या अंतरावर रेघा मारल्या आणि ते ताणलं, तर रेघा एकमेकींपासून लांब जातात. फायबरच्या गाभ्यात अतिनील किरणांनी अशाच रेघा कोरतात. एक सेंटिमीटर लांबीत जवळपास १९ हजार! त्याला ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. अशा जागी पांढरपेशा, म्हणजे अनेक रंगांचं मिश्रण असलेला उजेड आला, की रेघांच्या अंतराशी जुळणारा नेमका एकच रंग परत फिरतो आणि बाकीचे पुढे जातात. धागा ताणला गेला की रेघांमधलं अंतर वाढतं आणि परत येणारा रंग किंचित लाल बाजूला सरकतो. हा रंग डोळ्यांना दिसणारा नसतो, अवरक्त असतो, पण यंत्राला तो नेमका ओळखता येतो. १९७८ साली कॅनडातल्या केन हिल आणि सहकाऱ्यांना हे ग्रेटिंग पहिल्यांदा साधलं.

दिवा मंद झाला तरी रंग बदलत नाही, हा इथला मोठा फायदा. शिवाय एकाच धाग्यावर वेगवेगळ्या रंगांची डझनावारी ग्रेटिंग ठेवता येतात. एक वायर, पन्नास ठिकाणचे आकडे.

किती बारीक मोजता येतं? एक मीटर धागा एक मायक्रोमीटरनं ताणला, तर परत येणाऱ्या उजेडाची तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटरनं बदलते. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. चांगली यंत्रं हा फरक पकडतात. म्हणजे मीटरभराच्या धाग्याचं एका मायक्रोमीटरनं लांबणं आपल्याला कळतं.

पण काच तुटणार नाही का? काच ओढली की तुटते, असं आपण समजतो. फायबर कारखान्यातून निघताना सगळाच्या सगळा ताणून तपासलेला असतो. मीटरमागे जवळजवळ एक सेंटिमीटर इतका ताण त्यानं सोसलेला असतो. तरीही पुलाच्या सांध्यावर जिथं तीन-चार सेंटिमीटर हालचाल होते तिथं धागा थेट बांधून चालत नाही. मधे स्प्रिंग घालतात. सांधा तीस मिलिमीटर उघडला तर बहुतेक सगळं स्प्रिंगच्या वाट्याला जातं आणि धाग्याच्या वाट्याला येतो अगदी छोटा, ठरलेला हिस्सा. तो मोजायचा आणि गुणाकार करून मूळ आकडा काढायचा.

खरी डोकेदुखी : उन्हाचा खोटा आकडा

आता परत नागपूरच्या उन्हाकडे येऊ, कारण इथंच या तंत्राची खरी परीक्षा होते.

ब्रॅग ग्रेटिंग नुसतं तापलं तरी रंग सरकतो. एका अंशाला साधारण १० पिकोमीटर. वरच्या आकड्याशी ताडून बघा. एक अंश वाढला की यंत्राला वाटतं, मीटरमागे आठेक मायक्रोमीटरनं धागा ताणला गेला. पहाटे ते दुपार पंधरा अंश फरक पडला तर खोटा आकडा येतो १२० च्या आसपास. जानेवारी ते मे धरलं तर तीनशेच्या जवळ.

आणि काँक्रीट ओढलं गेलं तर तडकतं कधी? मीटरमागे साधारण शंभर मायक्रोमीटर लांबलं की!

म्हणजे ज्या गोष्टीच्या भीतीनं आपण यंत्र बसवलं, तिच्यापेक्षा उन्हानं उभा केलेला खोटा आकडाच मोठा. तापमानाचा हिशेब न करता फायबर बसवला, तर तो मे महिन्यात रोज दुपारी पूल पडल्याचा गलका करेल. आठवडाभरानं कुणी तरी वैतागून अलार्म बंद करेल. माझ्या मते असं यंत्र असण्यापेक्षा नसलेलं बरं, कारण ते लोकांना दुर्लक्ष करायला शिकवतं.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. एक धागा पुलाला घट्ट चिकटवायचा, त्याच्या शेजारी दुसरा धागा नळीत मोकळा ठेवायचा. दोघांनाही ऊन सारखंच लागतं, पण ओढला जातो फक्त पहिला. पहिल्यातून दुसरा वजा केला की उन्हाचा खोटा आकडा गेला. स्वित्झर्लंडमध्ये १९९० च्या दशकात विकसित झालेल्या सोफो नावाच्या सेन्सरमध्ये हीच जोडी असते. दोन खिळ्यांमध्ये ताणलेला एक धागा आणि सैल सोडलेला दुसरा. दोघांतून गेलेला उजेड एकमेकांशी ताडून तो दोन मायक्रोमीटरपर्यंतचा फरक सांगतो, आणि काँक्रीट ओतायच्या आधीच लोखंडाच्या सळ्यांना बांधून ठेवता येतो.

अमेरिकेत मिनियापोलिस शहरात १ ऑगस्ट २००७ रोजी संध्याकाळच्या गर्दीत मिसिसिपी नदीवरचा हमरस्त्याचा पूल कोसळला. १३ माणसं गेली. वर्षभरात तिथं उभ्या केलेल्या नव्या पुलात तीनशेहून जास्त सेन्सर बसवले आणि त्यांत हे लांब फायबर सेन्सरही आहेत. तिथल्या अभ्यासकांनीही सुरुवातीची बरीच मेहनत घेतली ती ऊन-थंडीनं पूल कसा वागतो हे समजून घेण्यावर. तिथं बर्फ, इथं ऊन. डोकेदुखी तीच.

इथं नागपूरशी नातं असलेला एक माणूस मदतीला येतो

नागपुरात गांधीसागर तलावासमोर रामन विज्ञान केंद्र आहे. शाळेच्या सहलीला गेला असाल. पण चंद्रशेखर वेंकट रामन स्वतः नागपुरात नोकरीला होते हे पुष्कळ नागपूरकरांनाही माहीत नसतं. १९१० साली, सरकारच्या अर्थखात्यातले तरुण अधिकारी म्हणून त्यांची रंगूनहून इथं बदली झाली. वर्षभराच्या आतच बढती मिळून ते कोलकात्याला गेले. तिथंच २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी के. एस. कृष्णन यांच्यासोबत तो शोध लावला ज्याला आज जग रामन परिणाम म्हणतं आणि ज्यासाठी १९३० चं नोबेल मिळालं.

उजेड एखाद्या पदार्थातून जाताना त्याचा अगदी छोटा हिस्सा विखुरतो, आणि त्यातल्याही अगदी थोड्या भागाचा रंग बदलतो, कारण पदार्थाचे रेणू थरथरत असतात. काही उजेड रेणूंना ऊर्जा देऊन बसतो, काही त्यांच्याकडून ऊर्जा घेऊन निघतो. पदार्थ जितका गरम, तितके थरथरणारे रेणू जास्त, आणि ऊर्जा घेऊन निघणारा उजेडही जास्त. या दोन प्रकारच्या उजेडाचं प्रमाण काढलं की थेट तापमान कळतं.

फायबरच्या काचेतही हेच होतं. फायबरमध्ये लेझरचा अगदी छोटा ठोका सोडायचा आणि परत येणारा क्षीण उजेड ऐकत बसायचं. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे परत यायला किती वेळ लागला यावरून तो किती लांबून आला हे कळतं. डोंगरात आरोळी मारून प्रतिध्वनी मोजण्यासारखंच. अशा रीतीनं किलोमीटरचे किलोमीटर साधा फायबर मीटरा-मीटराला तापमान सांगणारा थर्मामीटर बनतो. त्यावर वेगळा सेन्सर काही बसवावा लागत नाही, अख्खा धागाच सेन्सर!

रामन यांच्या शोधाच्या सहा वर्षं आधी लेओं ब्रिल्वां या फ्रेंच शास्त्रज्ञानं विखुरण्याचा आणखी एक प्रकार सांगितला होता. त्या ब्रिल्वां उजेडावर तापमान आणि ताण दोन्हींचा परिणाम होतो. मग काय करायचं? रामननं तापमान काढायचं, ब्रिल्वांमधून ते वजा करायचं. उरला तो ताण. कुठल्या मीटरवर किती ओढलं गेलं, ते समोर.

अंबाझरीसारख्या बांधावर याचा काय उपयोग?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेतून उठले ते कमरेएवढ्या पाण्यात. त्या दिवशी बांध फुटला नव्हता, पाणी वरून वाहिलं होतं. पण त्यानंतर एक प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि घराघरातही विचारला गेला : दीडशे वर्षांच्या आसपास वय असलेला हा मातीचा बांध आतून कसा आहे?

मातीचा बांध आजारी पडतो तो आतून. झाडांची मुळं, उंदीर-घुशींची बिळं, जुनी भेग. यांतून पाणी झिरपायला लागतं, जाताना मातीचे कण घेऊन जातं, वाट रुंद होते. वरून रस्ता, हिरवळ, फिरायला आलेली माणसं, सगळं नेहमीसारखं. खाली पोकळी वाढत असते. ती पुरेशी वाढली की वरचा भाग खचतो, आणि तेव्हा हातात मोजके तास उरतात.

बांधाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी उथळ चर खणून त्यात फायबरची केबल टाकली, तर दोन गोष्टी कळतात. पहिली तापमानाची. जमिनीखाली दीड-दोन मीटरवर तापमान संथपणे बदलतं. दिवस-रात्रीचा फरक तिथं जवळजवळ पोचतच नाही. मात्र तलावाचं पाणी झिरपत असेल तर ते स्वतःचं तापमान सोबत आणतं. केबलच्या ३२० व्या मीटरवरचा आकडा आजूबाजूपेक्षा वेगळा वागू लागला, तर तिथं पाणी आलंय. युरोपातल्या धरणांवर ही पद्धत १९९० च्या दशकापासून वापरात आहे. कधी केबलमध्येच तांब्याची तार घालून ती किंचित तापवतात. जिथं पाणी वाहतं तिथं ऊब लवकर निघून जाते, गरम चहावर फुंकर मारल्यासारखी.

दुसरी गोष्ट सरकण्याची. माती खचली किंवा उतार घसरू लागला की तिच्यात घट्ट बसलेली केबल त्या जागी ओढली जाते, आणि ब्रिल्वां उजेड ती जागा दाखवतो. जुन्या पद्धतीत बांधावर ठरावीक ठिकाणी खुणेचे दगड किंवा नळ्या असतात आणि सर्वेक्षक येऊन मोजतात. ते उपयोगाचं आहेच. पण दोन खुणांच्या मधे जे घडतं ते त्यात निसटू शकतं. केबल सलग असते.

अंबाझरीवर असा फायबर आहे असं इथं म्हणायचं नाही. नागपूरकरांना ओळखीचा बांध म्हणून हे उदाहरण. राज्यभरात मातीचे असे जुने तलाव आणि मालगुजारी बोड्या पुष्कळ आहेत, विशेषतः आपल्या पूर्व विदर्भात.

खाणीत मात्र कारण वेगळं

वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे आणि सावनेर, कामठी भागात भूमिगत कोळसा खाणी आहेत. खाणीचं छत कोसळण्याआधी थोडं खाली येतं. खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्या छतावर काठी ठोकून आवाज ऐकत आले आहेत. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथून बाजूला. आता छतात भोक पाडून आत तार अडकवतात आणि छताचा थर किती खाली सरकला ते दाखवणारी साधी पट्टी लटकवतात.

इथं विजेवर चालणारा सेन्सर लावायचा तर प्रश्न मिथेनचा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असलं की एक ठिणगी पुरते. म्हणून खाणीत जाणाऱ्या प्रत्येक विजेच्या उपकरणाला खास, महाग संरक्षण लागतं. फायबरच्या सेन्सरमध्ये वीजच नसते. यंत्र वर, जमिनीवर. खाली जाते फक्त काच आणि अगदी क्षीण उजेड. कोराडी-खापरखेड्यासारख्या वीज केंद्रांमध्ये कारण उलट असतं. तिथं जनित्राच्या आसपास विद्युत-चुंबकीय गोंगाट एवढा असतो की तांब्याच्या तारेतून आलेला आकडा भरवशाचा राहत नाही. काचेला त्या गोंगाटाचं काही सोयरसुतक नसतं. जनित्राच्या वेटोळ्यांची थरथर मोजायला जगभर फायबरचे सेन्सर वापरतात ते यामुळेच.

मग सगळीकडे का नाही बसवत?

धागा स्वस्त आहे. त्यातून आलेला उजेड वाचणारं यंत्र स्वस्त नाही, लाखांच्या घरात जातं. धागा चिकटवणं हे कसबी काम आहे. गोंद सुटला तर पूल हलतो आणि धागा जागचा हलत नाही, आणि कागदावर सगळं छान दिसत राहतं. शिवाय केबल म्हटलं की जेसीबी आलाच. रस्ता खणताना घरचं नेट गेल्याचा अनुभव कुणाला नाही?

आणि काही आपत्तींपुढे नुसतं सरकणं मोजून भागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या. दगडी कमान वाकून इशारा देत बसत नाही. पुरात पायाखालची माती वाहून जाते आणि मग सगळं मिनिटांत संपतं. तिथं पायाभोवतीची माती किती खरवडली गेली हे मोजायला हवं, आणि आकडा धोक्याचा झाला की कुणाच्या सहीची वाट न बघता पुलाच्या दोन्ही टोकांना लाल दिवा लागायला हवा. पहिलं काम तंत्रज्ञानाचं. दुसरं प्रशासनाचं, आणि माझ्या मते अवघड तेच.

अजून एक अडचण आहे जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. फायबर बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आकडे यायला लागतात, पण त्यांतला वाईट कुठला हे ठरवायला आधी चांगला कसा दिसतो ते माहीत असावं लागतं. नागपूरसारख्या ठिकाणी त्यासाठी किमान एक पूर्ण वर्ष लागतं : एक मे, एक जानेवारी आणि मधला एक पावसाळा. जूनमध्ये पाऊस तोंडावर आल्यावर घाईनं टाकलेली केबल त्या जुलैत काय बोलतेय, हे तिचं तिलाही ठाऊक नसतं.